खांबेट्यांचे नऊशे ग्रॅम

माझं लग्न ठरल्याचं ऑफिसात मी सगळ्यात आधी खांबेटे सरांना सांगितलं, कारण रजेच्या अर्जावर सही त्यांची लागायची. त्यांनी अर्ज वाचला, तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरशी पडताळल्या, सही केली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "अभिनंदन, सोनटक्के. आणि जाणार काय?"

मी यवतमाळची. आमच्याकडे लग्न ठरल्याचं सांगितलं की समोरचा माणूस आधी मुलाचं गाव विचारतो, मग आडनाव, मग पेढे मागतो. जाणार काय असं कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर त्याला लग्नाला बोलावत नाहीत. पण तोवर खांबेट्यांच्या हाताखाली मला दोन वर्षं झाली होती, त्यामुळे मी गडबडले नाही.

"रविवार, सर," मी म्हटलं.

त्यांनी थोडा विचार केला. "ठीक आहे. झेपण्यासारखं आहे," म्हणाले आणि अर्ज ट्रेमध्ये ठेवला.

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारायचे. कुणी खराडीला मोठा फ्लॅट घेतला, कुणाचा मुलगा परदेशी गेला, कुणी चहातली साखर सोडली, की खांबेटे आनंद व्यक्त करायचे आणि लगेच विचारायचे, आणि जाणार काय? त्यात कुजकेपणा नव्हता, निदान पूर्ण नव्हता. आयुष्यभर इंजिनं केल्यामुळे त्यांना मिळालेली गोष्ट अर्धीच दिसायची, आणि उरलेली अर्धी कुठे गेली ते कळेपर्यंत चैन पडायचं नाही. उत्तर मिळालं की समाधान व्हायचं. "काहीच जाणार नाही" असं कुणी म्हणालं, की मात्र ते त्या माणसाकडे काळजीने बघायचे.

दिसायला किडकिडीत, उंची बेताची, शर्ट कायम बाहीपर्यंत इस्त्रीचा. खिशात दोन पेनं आणि त्यांच्याशेजारी एक छोटा ताणकाटा. आकडा अडकवला की वजन दाखवणारा, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा. हा ताणकाटा ते कशालाही लावायचे. नटाला, बोल्टला, मीटिंगच्या फायलीला. एकदा माझी पर्स तोलली. "दीड किलो," म्हणाले. "रिकामी करून बघा, यातलं लागतं काय." मला राग आला, पण घरी गेल्यावर रिकामी केली. दोन छत्र्या निघाल्या.

राहायला सदाशिव पेठेत. जन्मभर मोटारसायकली केल्या, पण पेठेत स्वतः पायी फिरत. "गाडी काढायला दहा मिनिटं, लावायला वीस, आणि मधला प्रवास चार मिनिटांचा," हे त्यांचं स्पष्टीकरण. घरी काकूंपुढे मात्र त्यांचा प्रश्न चालत नसे. नवा फ्रिज घ्यायचा असं काकूंनी म्हटल्यावर यांनी सवयीने विचारलं, "आणि जाणार काय?" काकू म्हणाल्या, "मी. महाराष्ट्र एक्सप्रेसने, माहेरी." दुसऱ्या दिवशी फ्रिज आला. ही हकीकत मला काकूंनी सांगितली आणि सरांनी शेजारी बसून, कुठल्याही दुरुस्तीशिवाय, ऐकून घेतली.

आम्ही ज्या गाडीवर काम करत होतो तिचं थोडं सांगायला हवं. तिला डोंगरात, दगडगोट्यांत आणि ओढ्यांत चालायचं होतं. आणि तीच गाडी सोमवारी सकाळी नंबरप्लेट, आरसे आणि इंडिकेटर लावून माणसाला ऑफिसलाही न्यायची होती. ही दोन कामं एकाच इंजिनाकडून करून घेताना नुसती ओढाताण होते. ताकद वाढवली की इंजिन तापतं आणि लवकर झिजतं. टिकाऊ केलं की जड होतं. हलकं केलं की हळू चालवताना गचके देऊन बंद पडतं. त्यात धुराचे नियम, आवाजाचे नियम, आणि खराडीच्या ऑफिसात बसून आम्हाला रोज मेल पाठवणारे मार्केटिंगवाले.

कंपनीने अभ्यासासाठी शर्यतीची एक परदेशी गाडी आणली होती. नुसत्या डोंगरात पळवायची, नंबरप्लेट नसलेली. आम्ही पोरं तिच्याभोवती दिवसभर घुटमळत होतो. काय तिचा आवाज, काय तिचा पिकअप. खांबेट्यांनी गाडीकडे एकदा पाहिलं, तिचं पुस्तक मागून घेतलं आणि दुपारभर देखभालीचं पान वाचत बसले. इतक्या तासांनी तेल बदला, इतक्या तासांनी व्हॉल्व्ह तपासा, इतक्या तासांनी पिस्टनच नवा घाला. संध्याकाळी पुस्तक परत करताना म्हणाले, "हे इंजिन नाही, तान्हं मूल आहे. सारखं कुणीतरी घरी पाहिजे."

त्यांना हवं होतं ते इंजिन असं होतं, की डोंगरातल्या एखाद्या गुरांच्या डॉक्टराने ते घ्यावं, पावसाळाभर चिखलात हाणावं, आणि वर्षभर त्याला उघडायची वेळ येऊ नये. "उघडलं की संपलं," म्हणायचे. "खेड्यात उघडायला माणूस असतो. लावायला नसतो."

आणि हे इंजिन त्यांचं होतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी किती इंजिनांना हात लावला असेल ते सांगता येणार नाही, पण कुणाचं झाकण, कुणाचे व्हॉल्व्ह, कुणाचा तेलाचा पंप. पहिल्या रेघेपासून अख्खं इंजिन त्यांच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. हे पहिलं, आणि निवृत्तीला दीड वर्ष उरल्यामुळे शेवटचं. ते हे बोलून दाखवत नसत. एकदाच, कँटीनमध्ये, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोनटक्के, हे एक तरी आपण म्हटल्यासारखं बाहेर पडलं पाहिजे." आणि लगेच चहा गार असल्याची तक्रार करायला उठले. चहा गरम होता.

आता त्यांच्या नियमाबद्दल. आमच्या इमारतीमागे एक अंगण होतं, खडी पसरलेलं. तिथे आमच्या गाडीचा नमुना उभा असायचा. गाडीत कुणालाही काही वाढवायचं असलं, मग ते पाव किलो का असेना, तर त्या माणसाने अंगणात जायचं, गाडी आडवी पाडायची आणि एकट्याने उचलून उभी करायची. मग खांबेटे कागदावर सही करणार. "डोंगरात गाडी पडणार," ते सांगायचे. "पडली की तिथे कंपनी नसते. ज्याने वजन वाढवलं त्याला ते उचलता आलं पाहिजे, एवढीच माझी अपेक्षा आहे." वर, भिंतीवर, त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून लावलेली पाटी होती:

गाडी पडलेली नाही. पाडलेली आहे. मदत करू नये.

पाटी लावायचं कारण असं, की सुरक्षारक्षक आणि येणारे-जाणारे धावत येऊन हात लावायचे आणि चाचणी फुकट जायची.

उचलायची पद्धतही त्यांनी ठरवून दिली होती. गाडीकडे तोंड करायचं नाही. पाठ गाडीला लावायची, एक हात हँडलला, दुसरा मागच्या कॅरिअरला, कंबर ताठ, आणि सगळा जोर पायांचा. तसेच लहान लहान पावलं टाकत मागे सरकायचं. मी वजनाने पंचेचाळीस किलो, आणि मला ही पद्धत त्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवली. मी गाडी उचलून उभी केली. "आलं," ते म्हणाले. त्यांच्याकडून कौतुक म्हणतात ते एवढंच मिळायचं.

मार्केटिंगचा रोहन एकदा खराडीहून मोठा स्क्रीन, जाड सायलेन्सर आणि दिव्यांची जोडी असा प्रस्ताव घेऊन आला. सगळं मिळून साडेचार किलो. खांबेट्यांनी प्रस्ताव नीट वाचला, "छान आहे," म्हणाले आणि त्याला अंगणात नेलं. रोहनच्या पायांत टोकदार चकचकीत बूट होते. पहिल्या प्रयत्नात बूट घसरले, दुसऱ्या प्रयत्नात रोहन. तिसऱ्या वेळी त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "सर, स्क्रीन छोटा चालेल." खांबेटे हो म्हणाले. चौथ्या वेळी, "लाइट्स पण अ‍ॅक्सेसरीत टाकू." पाचव्या प्रयत्नात त्याने गाडी उचलली, पण तोवर प्रस्तावात सायलेन्सरच राहिला होता. खांबेट्यांनी सही करून त्याला चहा पाजला. रोहन मला जाताना म्हणाला, "तुमचे सर वेडे आहेत." मी म्हटलं, "हो. पण तुझं मेलवर ऐकत नाहीत, समोर ऐकतात."

दुसरी गोष्ट त्यांच्या चालण्याची. त्यांचं म्हणणं असं, की इंजिनाला माणसाच्या पावलाने चालता आलं पाहिजे. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, अ‍ॅक्सिलरेटरला जेमतेम बोट, आणि गाडी चालत्या माणसाच्या शेजारून चालली पाहिजे, बंद न पडता. "डोंगरात खरी पंचाईत होते तिथे कुणी वेगात नसतं. तिथे माणूस खाली उतरून गाडीच्या बाजूने चालत असतो. त्या वेळी इंजिनाने मान टाकली, की गाडी अंगावर." म्हणून चाचणीच्या वेळी चालक गाडीवर आणि खांबेटे तिच्या शेजारून चालत, पाठीमागे हात बांधून. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या मागे. इंधन किती जावं, नुसतं चालू असताना इंजिनाने किती फेरे घ्यावेत, म्हणजे ज्याला आयडलिंग म्हणतात, ते ठरवणं माझं काम. ते मी खांबेट्यांच्या पावलाला जुळवून ठरवलं होतं.

या हळू चालण्याचं मर्म फ्लायव्हीलमध्ये होतं. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारं जड चाक. एकदा फिरायला लागलं की स्वतःच्या वजनाने फिरत राहतं आणि इंजिनाला अडखळू देत नाही. जड असलं तर इंजिन शांत चालतं, पण चटकन वेग घेत नाही. हलकं असलं तर अ‍ॅक्सिलरेटर पिळताच उसळतं. खांबेट्यांनी जड घेतलं होतं.

ते हलकं करावं असा प्रस्ताव मी दिला.

मी हे कबूल करून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं. मी कॉम्प्युटरवर हिशेब केला होता. नऊशे ग्रॅम कमी केले तर शून्यापासून साठला जायची वेळ कमी होत होती, गाडी हलकी होत होती, आणि हळू चालीत पडणारा फरक माझ्या आलेखात अगदी किरकोळ दिसत होता. आमचे मुख्य अधिकारी खूश झाले. रोहनला माहितीपत्रकासाठी आकडा मिळाला, तो तर मला दादच देऊन गेला. खांबेटे टेबलाच्या टोकाला बसले होते. त्यांनी एकच विचारलं.

"आणि जाणार काय?"

"फारसं काहीच नाही, सर," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे काळजीने बघितलं. नऊशे ग्रॅम कमी झाले, कागद मंजूर झाले.

दोन महिने ते आपलं काम करत राहिले, हलक्या फ्लायव्हीलच्या इंजिनालाही तेवढ्याच निगुतीने बघत राहिले. मग एके दिवशी त्यांनी मुख्य अधिकाऱ्यांकडे एक सकाळ मागितली. एवढंच. पानशेतच्या पुढे एक दगडी चढ आमच्या चाचणीचा होता. दोन गाड्या नेल्या, एक हलकी, एक जड. चालवायला संदीप, आमचा चाचणीचालक, तिकडच्याच एका गावचा. मुख्य अधिकारी आले, रोहनही आला. या वेळी बूट साधे घालून आला होता.

हलकी गाडी आधी. खालचा टप्पा ठीक गेला. वर एक आडवा मोठा दगड होता, त्यावर पुढचं चाक चढलं आणि इंजिन बंद. संदीपने पाय टेकले, पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी गाडी मागे घसरली आणि संदीप गाडीसकट दोन हात खाली आला. लागलं नाही फार. उठून धूळ झटकत म्हणाला, "साहेब, पळाया लय भारी हाय ही. पर उभं ऱ्हायचं म्हणलं की दम न्हाय हिला."

मी लॅपटॉपकडे बघत होते. लॅपटॉपमध्ये माझा आलेख होता आणि त्यात तो दगड नव्हता.

मग जड गाडी. खांबेटे शेजारून चालत निघाले, हात पाठीमागे. दगड आला. इंजिनाचा आवाज खोल गेला, इतका खोल की आता गेलं असं मला वाटलं. ठप्, ठप्, ठप्. मधल्या दोन ठोक्यांत एवढं अंतर, की त्यात मी श्वास घेऊन सोडला. आणि गाडी दगडावरून पलीकडे उतरली. खांबेट्यांची चाल बदलली नाही. वर पोचल्यावर त्यांनी घाम पुसला. मला दोन शब्द बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मुख्य अधिकारी उमदा माणूस. खाली येईपर्यंत त्यांनी निर्णय बदलला. नऊशे ग्रॅम परत घालायचे.

सगळ्यांच्या मते विषय तिथे संपला होता. खांबेट्यांच्या मते नव्हता. मंजूर गाडी हलकी होती. त्यात नऊशे ग्रॅम वाढवायचे होते, आणि ते वाढवणारे होते स्वतः खांबेटे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते अंगणात गेले. मी म्हटलं, "सर, हे तुमचेच ग्रॅम होते. वाढले कुठे? परत आले." ते म्हणाले, "कागदावर वाढले." मुख्य अधिकारी म्हणाले, "खांबेटे, राहू द्या हो." खांबेट्यांनी त्यांना भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. वय सत्तावन्न, वजन माझ्याहून दहाएक किलो जास्त. त्यांनी गाडी हळूच खडीवर आडवी केली, पाठ लावली, हात लावले, कंबर ताठ. अगदी शिकवतात तसं. गाडी अर्धी वर आली.

आणि तेव्हा त्यांना पायाशी खडीवर तेलाचा थेंब पडताना दिसला.

दुसरा कुणी असता तर आधी गाडी उभी केली असती. खांबेट्यांना थेंब नेमका कुठून येतोय ते बघायचं होतं, कारण गाडी उभी झाली की तो दिसेनासा होणार होता. त्यांनी अर्ध्यावर धरलेली गाडी न सोडता अंग वळवलं, तोंड गाडीकडे केलं, वाकून इंजिनाच्या झाकणाच्या सांध्याकडे नजर लावली आणि तसंच, कमरेतून, सगळं वजन वर ओढलं.

गाडी उभी राहिली. ते तिच्या सीटवर हात ठेवून उभे राहिले. बराच वेळ. ते पुष्कळदा असे उभे राहायचे, त्यामुळे विचार करतायत असं सगळ्यांना वाटलं. मग म्हणाले, "गॅस्केट बदला. डावीकडचं, खालून दुसऱ्या बोल्टपाशी." कागद मागितला, सीटवर ठेवून सही केली. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये जागा असूनही ते उभ्याने गेले. काय झालंय ते मला तेव्हा कळलं, कारण मी त्यांच्या शेजारच्या सीटवर होते आणि त्यांचं कपाळ घामाने डबडबलं होतं. "सर, बसा नं," मी म्हटलं. "बसवत नाही," एवढंच म्हणाले. मला आयुष्यात इतकं अपराधी कधी वाटलं नव्हतं, आणि हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी तेही तोललं असतं.

मणका सरकला होता. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाडीवर बसायला कायमची बंदी केली. उरलेले महिने ते पट्टा लावून उंच टेबलाशी उभ्याने काम करायचे. इंजिन त्यांनी म्हटल्यासारखं तयार झालं, गाडी बाजारात आली आणि ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी सगळे म्हणाले, सर, आता आराम करा, मजा करा. मी वाट बघत होते. त्या दिवशी त्यांनी तो प्रश्न कुणालाच विचारला नाही.

गाडीची परीक्षणं संमिश्र आली. शहरातली मुलं म्हणाली, इंजिन आळशी आहे. डोंगरातून पत्रं आली नाहीत, कारण तिकडचे लोक परीक्षणं लिहीत नाहीत. ते नुसते गाडी घेत होते.

खांबेट्यांनीही एक घेतली. हे मला काकूंनी फोनवर सांगितलं. "अहो, बसायला बंदी, आणि दारात एवढी थोरली गाडी. रोज सकाळी घेऊन जातात. बसत नाही म्हणतात, शपथेवर. मग काय करतात ते तुम्हीच विचारा, मला सांगत नाहीत."

विचारायचं राहून गेलं. माझा संसार विश्रांतवाडीला, नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी सदाशिव पेठेत दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. गल्ली नेहमीप्रमाणे खणून वरवर बुजवलेली. वळणावर गाडी आडवी पडलेली दिसली. स्टँड भुसभुशीत मातीत रुतला होता. शेजारी खांबेटे सर, कमरेला पट्टा, हाताची घडी. क्लासला निघालेली तीन मुलं तिथे थांबली होती.

"काका, उचलू का?"

"पडलेली नाही," सर म्हणाले. "पाडलेली आहे. मदत करू नये."

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. "रील काढत असतील," एक जण हळूच म्हणाला, आणि ती निघून गेली.

मग त्यांना मी दिसले. त्यांनी हाताची घडी सोडली. गाडीकडे एकदा पाहिलं.

"सोनटक्के," म्हणाले, "पडली आहे."

मी जवळ गेले.

"तुम्ही मदत केलीत तर चालेल."

त्यांच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं. मी पर्स खाली ठेवण्यात उगाच वेळ काढला. त्यांनी पर्सकडे बघितलं. "दीड किलोच आहे अजून," म्हणाले.

मी पाठ गाडीला लावली. ते शेजारी उभे राहून सांगत होते, मला सगळं पाठ असूनही. "एक हात हँडलला. कंबर ताठ. जोर पायांचा." आणि गाडी अर्धी वर आल्यावर, जरा घाईने, "मागे वळून बघू नका. तेल गळत असलं तरी."

गाडी उभी राहिली. "आलं," ते म्हणाले.

त्यांनी इंजिन सुरू केलं. गाडीवर बसले नाहीत. डाव्या बाजूला उभे राहून हँडल धरलं, पायाने पहिला गिअर टाकला आणि क्लच हळूहळू पूर्ण सोडला. गाडी चालायला लागली. ते तिच्या शेजारून चालायला लागले.

"डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय," मागून येणाऱ्या मला ते म्हणाले. "एकट्याने कंटाळा येतो."

मी बरोबर चालू लागले. दुधाच्या दुकानावरून, क्लासच्या पाट्यांखालून, गाडी, ते आणि मी. पुढे रस्ता खणलेल्या जागी एक उंचवटा आला. इंजिनाचा आवाज खोल गेला. ठप्, ठप्. मला वाटलं आता गेलं. गेलं नाही. नऊशे ग्रॅमनी गाडीला पलीकडे नेऊन सोडलं, आणि सर तिच्याकडे बघतही नव्हते, फक्त ऐकत होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ते घाई करतायत. गाडीची चाल मी ठरवलेली होती, त्यांच्या तेव्हाच्या पावलाला जुळवून. त्यांचं पाऊल आता आखूड झालं होतं. गाडीचं तेवढंच राहिलं होतं.

"सर," मी म्हटलं, "आयडलिंग शंभर फेऱ्यांनी खाली आणता येईल. धुराच्या नियमात बसतं, काठावर. रविवारी लॅपटॉप घेऊन येते."

ते थांबले नाहीत, कारण गाडी थांबत नव्हती.

"आणि जाणार काय?"

"माझा रविवार."

"तो तुम्ही लग्नात दिलात," ते म्हणाले.

कोपऱ्यावर मला डॉक्टरकडे वळायचं होतं. मी थांबले. ते सरळ पुढे गेले. मागे वळून बघणं आता त्यांना जमत नाही, म्हणून समोर बघतच मोठ्याने म्हणाले, "दहाच्या आत या. नंतर गर्दी होते." गाडी त्यांच्या अर्धं पाऊल पुढे होती, आणि एक हात हँडलवर ठेवून ते तिला गाठायच्या बेतात होते.